अस्वलाचे डोके आणि सम्राटाची शिकार : हेड्रियानोथेराच्या नाण्यांविषयी

टांकसाळ्या (धागाकर्ता)

आजच्या तुर्कस्तानच्या वायव्य भागात, बालिकेसिर शहराच्या परिसरात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हेड्रियानोथेरा नावाचे एक लहान नगर वसले. प्राचीन काळी या मुलखाला मिसिया म्हणत आणि तो रोमच्या 'आशिया' प्रांतात मोडत असे. ग्रीक भाषेत 'थेरा' म्हणजे शिकार, तेव्हा नगराच्या नावाचा अर्थ सरळ सरळ 'हेड्रियनची शिकार' असा होतो. या नगराने स्वतःची ब्राँझची नाणी पाडली. त्यांतील एका प्रकारच्या मागील बाजूवर केवळ एका अस्वलाचे डोके आहे आणि त्याच्या कडेने 'हेड्रियानोथेराच्या लोकांचे' एवढ्याच अर्थाचा ग्रीक मुद्रालेख (नाण्यावरचा मजकूर) आहे. शिकारीच्या नावाने वसलेल्या नगराच्या या नाण्यावर घोडा नाही, भाला नाही आणि शिकार करणारा सम्राटही नाही.

हे नाणे दिसायला साधे आहे, सोन्याचांदीचे नाही आणि कलाकुसरीच्या दृष्टीने फारसे उल्लेखनीयही नाही. तरीही रोमन साम्राज्यातील नगरांच्या नाण्यांमध्ये मला ते विशेष महत्त्वाचे का वाटते, ते येथे थोडे विस्ताराने मांडतो.

सम्राट हेड्रियनचे (राज्यकाल इ. स. ११७ ते १३८) शिकारीचे वेड त्याच्या काळातही सर्वश्रुत होते. त्याच्या चरित्रात असे म्हटले आहे की ऐन तारुण्यात तो शिकारीत इतका रमला, की लोक त्याला नावे ठेवू लागले. इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो की शिकारीत त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले होते आणि एकदा तर पाय कायमचा अधू होण्याची वेळ आली होती, मात्र या छंदापायी त्याने राज्यकारभाराकडे कधी दुर्लक्ष केले नाही. त्याच ठिकाणी डिओ सांगतो की मिसियात हेड्रियनने वसवलेल्या नगराला या शिकारींवरूनच नाव पडले. डिओच्या या मजकुरात अस्वलाचा उल्लेख कोठेही नाही.

अस्वल येते ते 'हिस्टोरिया ऑगस्टा' या लॅटिन चरित्रसंग्रहात. तेथे असे वाक्य आहे की एके ठिकाणी हेड्रियनची शिकार चांगली साधली आणि त्याने एक अस्वलीण मारली, म्हणून त्याने तेथे हेड्रियानोथेरा हे नगर स्थापन केले. (मूळ लॅटिन शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून मी 'अस्वलीण' लिहिले.) अडचण अशी आहे की हा ग्रंथ आज बहुतेक अभ्यासकांच्या मते चौथ्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे घटनेनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी रचला गेला, आणि त्यात बनावट पत्रे, बनावट साक्षीदार आणि मनची माहिती इतकी आहे की त्यातील कोणतेही वाक्य एकट्याच्या बळावर स्वीकारायला जाणकार कचरतात. हेड्रियनचे चरित्र हा त्यातील तुलनेने विश्वसनीय भाग मानला जातो हे खरे, पण ज्या ग्रंथकाराला पदरची मीठमिरची लावण्याची सवय आहे, त्याने 'शिकार' या शब्दाला रंग भरण्यासाठी एखादे अस्वल घुसडले असेल ही शंका घ्यायला जागा राहतेच.

येथे हे ब्राँझचे नाणे कामाला येते. नगराच्या नावात अस्वल नाही, फक्त शिकार आहे. तरीही नगराने आपल्या नाण्यासाठी जे चित्र निवडले ते रानडुकराचे नाही, सिंहाचे नाही, हरणाचे नाही, तर अस्वलाचे आहे. हे चित्र खुद्द हेड्रियनच्या काळातील नाण्यांवर मिळते. म्हणजे ज्या अस्वलाचे नाव ग्रंथात आपल्याला चौथ्या शतकात वाचायला मिळते, ते नगरवासीयांना दुसऱ्या शतकातच ठाऊक होते. अस्वल चरित्रकाराच्या डोक्यातून निघालेले नाही, हे या नाण्यामुळे ठरते. बनावटीसाठी बदनाम असलेल्या ग्रंथातील एका वाक्याची साक्ष बाजारात भाजीपाल्यासाठी वापरल्या गेलेल्या सुट्ट्या पैशाने द्यावी, यात मला एक वेगळीच गंमत वाटते.

दुसरा मुद्दा ही नाणी कोणी पाडली याचा. सोन्याची आणि चांदीची रोमन नाणी मुख्यत्वे सम्राटाच्या टांकसाळीतून येत, पण साम्राज्याच्या पूर्व भागातील शेकडो नगरे रोजच्या व्यवहारासाठी आपापली ब्राँझची नाणी स्वतः पाडत असत. दर्शनी बाजूस बहुधा सम्राटाचे किंवा त्याच्या कुटुंबीयाचे मस्तक असे, कधी रोमच्या सिनेटचे मानवी रूपातील मुख असे, पण मागील बाजूस काय दाखवायचे ते सर्वसाधारणपणे स्थानिक पुढारी ठरवत. स्थानिक देवता, नदी, देऊळ, नगराचा पुराणकथेतील संस्थापक असे विषय तेथे येतात. त्यामुळे अस्वलाचे डोके ही सम्राटाने स्वतःची केलेली जाहिरात नाही. आपण कोण, हे सांगण्यासाठी नगराने वापरलेली ती खूण आहे.

तशा खुणेची गरजही होती. एकट्या मिसियात हेड्रियनच्या नावावर बेतलेली आणखी नगरे होती. हेड्रियानोय होते, हेड्रियानेया होते. साम्राज्यभरात तर हेड्रियानोपोलिस नावाची गावे अनेक, त्यांतील थ्रेसमधले आजचे एदिर्ने. सम्राटाच्या नावाची इतकी खैरात झालेली असताना नुसत्या नावाने मोठेपणा मिळत नव्हता. परंतु 'सम्राट स्वतः येथे घोड्यावरून आला आणि येथेच त्याने अस्वल मारले' असे म्हणू शकणारे नगर एकच होते.

आता चर्चेसाठी एक प्रश्न. विक्रेत्यांच्या सूच्यांमध्ये या नाण्यांना सर्रास 'सम्राटाच्या शिकारीची स्मारक नाणी' म्हटले जाते. हे वर्णन आपल्याला पटते का? मला ते पूर्णपणे पटत नाही, पण आधी सभासदांची मते वाचायला आवडतील.

रानवाट

लेख फार आवडला. मी नाणेशास्त्राचा अभ्यासक नाही, पण प्राण्यांविषयी थोडे लिहितो. मिसियातील हे अस्वल म्हणजे आपल्या सह्याद्रीत किंवा विदर्भात आढळणारे, वारुळे फोडणारे काळे अस्वल नव्हे. अनातोलियात, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातील भागात, आढळते ते तपकिरी अस्वल, आणि तुर्कस्तानच्या डोंगराळ जंगलांत ते आजही शिल्लक आहे. ते आकाराने आणि ताकदीने आपल्या अस्वलापेक्षा मोठे असते. अशा जनावरावर घोड्यावरून भाला घेऊन जाणे हा खरोखर जिवाशी खेळ होता, त्यामुळे त्या हाडमोडीच्या नोंदीत अतिशयोक्ती असेल असे वाटत नाही.

मिसिया आणि शिकार यांचे नाते हेड्रियनच्या कितीतरी आधीपासूनचे आहे, हेही येथे नोंदवावेसे वाटते. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली लिडियाचा राजा क्रीसस याच्या मुलाची कथा याच मुलखातील आहे. मिसियातील ऑलिंपस पर्वतावरून एक अवाढव्य रानडुक्कर उतरून शेतीची नासधूस करू लागले, लोकांनी राजाकडे मदत मागितली, आणि त्या शिकारीत राजपुत्र आतिस हा डुकराला लागायच्या भाल्याने मारला गेला. भाला फेकणाऱ्याचे नाव होते अद्रास्तोस, आणि त्याला राजाने मुलाच्या रक्षणासाठीच पाठवले होते. ग्रीक वाङ्मय तोंडपाठ असलेल्या हेड्रियनला मिसियाच्या रानात शिरताना ही कथा आठवली नसेल, असे मानणे कठीण आहे. (हा माझा तर्क आहे, त्याला पुरावा नाही.)

खापरखूण

धागाकर्त्यांचा युक्तिवाद रेखीव आहे, पण मला त्यात एक फट दिसते. नाणे आणि ग्रंथ हे दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत असे आपण गृहीत धरले आहे. ते तसे आहेत का? समजा, नगर वसल्यावर तेथील लोकांत 'आमच्या गावी सम्राटाने अस्वल मारले' अशी दंतकथा तयार झाली. तिच्यावरून नाण्यावर अस्वल आले, आणि तीच दंतकथा पुढे लिखित परंपरेत शिरून चरित्रकारापर्यंत पोहोचली. मग साक्षीदार दोन नसून एकच आहे, तो फक्त दोनदा बोलतो आहे. अस्वल चरित्रकाराने रचलेले नाही एवढे नाण्यावरून सिद्ध होते हे मी मान्य करतो. ते खरोखर मारले गेले होते, हे सिद्ध होत नाही.

शिवाय नगरचिन्हांचा एक साधा प्रकार विसरून चालणार नाही. नगराच्या नावावर शब्दखेळ करणारी चित्रे ग्रीक नाण्यांवर फार जुनी आहेत. ऱ्होड्सच्या नाण्यांवर गुलाब आहे, कारण ग्रीक भाषेत गुलाबाला 'ऱ्होडोन' म्हणतात. फोकाइयाच्या नाण्यांवर सील हा समुद्री प्राणी येतो, कारण त्याला 'फोके' म्हणतात. सेलिनसच्या नाण्यांवर रानटी अजमोदाचे पान आहे, तेही नावावरूनच. शिकारीच्या नावाचे नगर असेल तर त्याच्या नाण्यावर एखादे शिकारीचे जनावर येणारच. त्या मुलखात अस्वले मुबलक होती, म्हणून अस्वल आले, इतकेच असू शकते.

टांकसाळ्या (धागाकर्ता)

खापरखूण, पहिली हरकत योग्य आहे आणि ती मी स्वीकारतो. मात्र काळाचे अंतर लक्षात घ्या. हेड्रियनचा मिसियातील प्रवास साधारणपणे इ. स. १२३-१२४ च्या सुमारास मानला जातो आणि तो इ. स. १३८ मध्ये वारला. म्हणजे हेड्रियनच्या काळातील नाणी घटनेनंतर जास्तीत जास्त चौदा-पंधरा वर्षांतली ठरतात. ती शिकार प्रत्यक्ष पाहिलेले हाकारे, लवाजम्याला घोडे आणि धान्य पुरवणारे शेतकरी, नगराची आखणी करणारे लोक त्या वेळी हयात असणार. दंतकथा पंधरा वर्षांतही तयार होऊ शकते, परंतु जिवंत सम्राटाच्या पराक्रमाविषयी खोटी दंतकथा त्याच्याच मस्तकाच्या पाठीमागे छापण्याचे धाडस एखादे नवे नगर करील, हे मला संभवनीय वाटत नाही.

दुसऱ्या हरकतीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. आपण दिलेल्या सर्व उदाहरणांत चित्राचे नाव आणि नगराचे नाव उच्चारात जुळते. अस्वलाला ग्रीक भाषेत 'आर्क्टोस' म्हणतात, आणि त्याचा 'थेरा'शी ध्वनीचा काही संबंध नाही. नुसती शिकारच दाखवायची असती, तर 'मिसियातील रानडुक्कर' हे हेरोडोटसपासून गाजलेले जनावर हाताशी होतेच. रानवाट यांनी सांगितलेली कथा या बाबतीत माझ्याच बाजूला येते, त्यासाठी त्यांचे आभार. इतके प्रसिद्ध डुक्कर दारात उभे असताना नगराने अस्वल निवडले, त्याला काही निश्चित कारण असले पाहिजे.

शिलावाचक

या चर्चेत दोन शिलालेख आणल्याशिवाय राहवत नाही, कारण हेड्रियनच्या शिकारीचा तिसरा आणि सर्वांत जवळचा साक्षीदार तो स्वतःच आहे.

ग्रीसमधील थेस्पिआय येथे एक ग्रीक काव्यलेख सापडला आहे. थेस्पिआय हे प्रेमदेव एरोसच्या पूजेसाठी प्रसिद्ध होते. त्या काव्यात हेड्रियन एरोसला उद्देशून म्हणतो, की आपण घोड्यावरून स्वतः मारलेल्या अस्वलिणीचा हा भाग तुला अर्पण करीत आहोत, आणि त्याच्या बदल्यात स्वर्गीय प्रेमदेवता आफ्रोदितेची कृपा आपल्यावर राहू दे. येथेही अस्वल मादीच आहे. मिसियातील प्रवासानंतर हेड्रियन ग्रीसमध्ये आला होता, त्यामुळे थेस्पिआयला अर्पण केलेली अस्वलीण आणि हेड्रियानोथेराची अस्वलीण एकच असावी असा तर्क अनेक अभ्यासकांनी केला आहे. काव्यात शिकारीच्या ठिकाणाचे नाव नसल्याने हा तर्क पक्का होत नाही. मात्र 'सम्राटाने घोड्यावरून अस्वलीण मारली' एवढी गोष्ट तरी येथे दंतकथेच्या कक्षेबाहेर जाते, असे मी खापरखूण यांना नम्रपणे सुचवेन.

दुसरा लेख दक्षिण फ्रान्समधील आप्त या गावातला. हेड्रियनच्या आवडत्या घोड्याचे नाव बोरिस्थेनिस, म्हणजे ग्रीकांनी द्नीपर नदीला दिलेले नाव. तो मेल्यावर सम्राटाने त्याच्यासाठी थडगे बांधले, शिळा उभी केली आणि त्यावर कविता कोरवली, असे डिओ लिहितो. आप्त येथे मिळालेल्या लॅटिन कवितेत हा 'आलान' जातीचा शिकारी घोडा मैदाने, दलदली आणि इटलीतील इट्रुरियाच्या टेकड्या तुडवीत कसा धावे आणि डॅन्यूब नदीकाठच्या पॅनोनिया प्रांतातील रानडुकरांनाही तो कसा भिडे, याचे वर्णन आहे. आपल्या नाण्यावर घोडा नाही, असे धागाकर्त्यांनी सुरुवातीलाच लिहिले. सम्राटाने मात्र घोड्याला विसरू दिलेले नाही.

मोहोरमाळ

'स्मारक नाणे' या शब्दाविषयीच्या प्रश्नाकडे आपल्याकडील उदाहरणावरून येतो. शिकार करणारा राजा म्हटला की भारतीय नाण्यांच्या अभ्यासकाला गुप्तांची सोन्याची नाणीच आधी आठवतात. समुद्रगुप्ताच्या एका दुर्मीळ प्रकारावर तो वाघाला बाणाने मारताना दिसतो आणि मुद्रालेख 'व्याघ्रपराक्रमः' असा आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या नाण्यांवर तो सिंहाशी लढतो आणि तेथे 'सिंहविक्रमः' असे बिरुद येते. कुमारगुप्त तर घोड्यावरून गेंड्यावर वार करतो, आणि तेथील लेखात त्याला 'खड्गत्राता' म्हटले आहे. 'खड्ग' म्हणजे तलवार आणि गेंडाही, असा तो सुरेख श्लेष आहे. राजस्थानात बयाना येथे १९४६ साली सापडलेल्या आणि डॉ. अनंत सदाशिव अळतेकरांनी सूचिबद्ध केलेल्या १८२१ सुवर्णनाण्यांच्या निधीमुळे या प्रकारांचा अभ्यास फार पुढे गेला.

फरक असा आहे की गुप्त नाण्यांवर राजा स्वतःच्या टांकसाळीत, स्वतःच्या सोन्यावर, स्वतःचा पराक्रम सांगतो. तेथे शिकार ही एखाद्या दिवशी घडलेली घटना नसून राजाचा गुण आहे. कोणत्या रानात, कोणत्या वर्षी, हे तेथे विचारायचे नसते. (सिंहाच्या चित्राचा संबंध अनेकांनी काठेवाडच्या विजयाशी जोडला आहे, पण तोही तर्कच.) हेड्रियानोथेराचे नाणे नेमके उलट आहे. त्यावर राजाचा गुण नाही, तर एका जागेवर घडलेली एक घटना आहे, आणि तीही केवळ मारल्या गेलेल्या जनावराच्या रूपाने. या अर्थाने 'स्मारक' हा शब्द गुप्त नाण्यांपेक्षा हेड्रियानोथेराला अधिक शोभतो, असे मला वाटते.

खापरखूण

मोहोरमाळ यांची तुलना पटली, पण तिचे रोमन जोडीदार रोममध्येच आहेत. हेड्रियनच्या काळातील काही मोठ्या पदकांवर तो घोड्यावरून सिंहावर भाला उगारताना दिसतो आणि लेख 'सम्राटाच्या शौर्यास' अशा अर्थाचा आहे. ही पदके बाजारात फिरण्यासाठी नव्हती. ती मानाची भेट म्हणून दिली जात. रोममधील, चौथ्या शतकातील सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर बसवलेली आठ गोल शिल्पे मूळची हेड्रियनच्याच काळातील आहेत. त्यांत अस्वल, रानडुक्कर आणि सिंह यांच्या शिकारी आहेत आणि प्रत्येक शिकारीनंतर देवतेला दिलेला बळी आहे. कॉन्स्टंटाइनच्या कारागिरांनी हेड्रियनचे चेहरे तासून तेथे नव्या राज्यकर्त्यांचे चेहरे कोरले, ही गोष्ट वेगळी. सिंहाच्या शिल्पाचा संबंध इ. स. १३० च्या इजिप्तमधील शिकारीशी अनेकदा लावला जातो. त्या शिकारीत हेड्रियनचा लाडका तरुण सहचर अंतिनोअस बरोबर होता आणि कवी पांक्रातेसने त्यावर काव्य रचले, सिंहाच्या रक्तातून तांबडे कमळ उगवल्याची कल्पनाही त्याचीच.

म्हणजे 'शौर्य' दाखवायचे ते सम्राटाने रोममध्ये दाखवले. नगराने फक्त डोके ठेवून घेतले. या बाबतीत माझा आता धागाकर्त्यांशी वाद उरलेला नाही.

अवांतर : इ. स. १९२ मध्ये सम्राट कोमोडसने रोममधील खेळांच्या रिंगणाभोवतीच्या कठड्यावर सुरक्षित उभे राहून एकाच दिवशी शंभर अस्वले मारली, असे डिओने लिहिले आहे. डिओ त्या वेळी सिनेटचा सभासद म्हणून तेथे हजर होता. त्या शंभर अस्वलांपैकी एकाच्याही नावाने नगर वसले नाही.

टांकसाळ्या (धागाकर्ता)

'नगराने फक्त डोके ठेवून घेतले' हे वाक्य मी लिहायला हवे होते.

'स्मारक' या शब्दावर माझी हरकत एवढीच होती, की आज आपण स्मारक नाणे म्हणतो तेव्हा एखाद्या प्रसंगानिमित्त एकदा पाडलेले नाणे डोळ्यांसमोर येते. हेड्रियानोथेरा तिसऱ्या शतकातही नाणी पाडत होते आणि त्यांवर वैद्यदेव आस्क्लेपिओससारखे इतर विषयही येतात. अस्वल हे त्या नगराचे ओळखचिन्ह होते. मोहोरमाळ यांच्या युक्तिवादानंतर मी शब्द बदलून 'स्मरणचिन्ह' म्हणायला तयार आहे.

नगराला अशा चिन्हाचा आधार किती लागत असेल, याचा एक मासला. सुप्रसिद्ध वक्ता एलियस अरिस्तिदेस याच भागातला जमीनदार. त्याला एका नगराचा शांतिरक्षक अधिकारी नेमण्याचा घाट प्रांताधिकाऱ्याने घातला, तेव्हा 'मिसियातील एक नगर, त्याचे नाव सांगण्याची गरज नाही' अशा शब्दांत त्याने ते प्रकरण लिहून ठेवले. अनेक अभ्यासकांच्या मते ते नगर हेड्रियानोथेराच असावे. ज्याच्या शेताच्या शेजारी नगर होते, त्यालाही त्याचे नाव घ्यावेसे वाटले नाही.

पाटीपेन्सिल

मी नवीन संग्राहक आहे. माझ्याकडे एका लिलावातून मिश्र ढिगात आलेले, जुन्या पंचवीस पैशांच्या नाण्याएवढे एक झिजलेले ब्राँझचे नाणे आहे. विकणाऱ्याने त्यावर 'कुत्र्याचे डोके' अशी चिठ्ठी लावली होती. हा धागा वाचल्यापासून झोप लागत नाही. ते अस्वल आहे की नाही, हे कसे ओळखावे?

टांकसाळ्या (धागाकर्ता)

सर्वांत आधी एक विनंती. ते घासू नका, लिंबू लावू नका, आणि त्यावरचा हिरवट थर काढण्याच्या फंदात पडू नका. अनेक चांगली नाणी मालकाच्या उत्साहामुळेच मेली आहेत.

कानाकडे पाहा. अस्वलाचे कान लहान आणि गोलसर असतात, तर कुत्र्याचे कान बहुधा टोकदार किंवा लोंबते दाखवतात. मान जाड आणि केसाळ आहे का, हेही तपासा. तथापि झिजलेल्या नाण्यावर चित्रापेक्षा अक्षरांवर भरवसा ठेवावा. सुरुवातीची 'अद्रिआन' एवढी अक्षरे वाचता आली तर हुरळून जाऊ नका, कारण हेड्रियानोय, हेड्रियानेया आणि हेड्रियानोपोलिस या सर्वांचे मुद्रालेख तसेच सुरू होतात. नाणे खिडकीशी धरा, उजेड एका बाजूने तिरका पडू द्या आणि त्यानंतरची अक्षरे शोधा. मध्ये आडवी रेघ किंवा ठिपका असलेले वर्तुळ म्हणजे ग्रीक 'थीटा'. त्याच्या पुढे रोमन 'एच'सारखे दिसणारे अक्षर आणि मग 'पी'सारखे दिसणारे अक्षर असेल, तर ते 'थेर' आहे. तेवढी तीन अक्षरे सापडली, तर दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजन आणि व्यास येथे टाका.

पाटीपेन्सिल

वर्तुळ दिसते आहे. आत काहीतरी आहे, पण ती रेघ आहे की ओरखडा ते कळत नाही. उद्या सकाळच्या उन्हात पुन्हा पाहून छायाचित्रे टाकतो.